यादिएलचे चोपन्न

(सान पेद्रो, बेसबॉलवेडं गाव. कबरीचे दगड घडवणाऱ्याचं अंगण. यादिएलची आई इदालिया, आणि त्याला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, म्हणून घडवणारे म्हातारे एलिहिओ मास्तर.)

इदालिया : नाव, आणि त्याखाली चोपन्न. एवढंच तर कोरायचंय. कारागिराला थांबवलंत कशाला, मास्तर?

मास्तर : आकडा नको. नुसतं नाव पुरे.

इदालिया : का म्हणून? अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये माझा पोरगा एकच सामना खेळला, त्याचा आकडा आहे तो. लगेच बाहेर काढला म्हणून मी रडत बसले होते, तर फोनवर म्हणाला, आई, चोपन्न मिळाले, कुणाला मिळतात इतके? मासे तळता तळता मी सगळ्या बाजाराला सांगितलं.

मास्तर : इदालिया, पिचरचा आकडा लहान असलेला चांगला. तीन म्हणजे उत्तम. सहा झाला की घरी पाठवतात.

इदालिया : आणि चोपन्न?

मास्तर : इतका मोठा कुणालाच नको असतो.

इदालिया : कसा काढतात तो? मला कळेल असं सांगा.

मास्तर : सामना नऊ डावांचा. म्हणून पिचरवर निघालेल्या धावांना नऊनं गुणायचं, आणि तो जितके डाव टिकला त्यानं भागायचं. यादिएलवर दोन धावा. नऊ दुणे अठरा.

इदालिया : तिघं पळत आलेले मी टीव्हीवर पाहिले.

मास्तर : तिसरी धाव त्याच्यावर धरत नाहीत. सोबत्याच्या हातून चेंडू सुटला होता.

इदालिया : दुसऱ्याची चूक ह्याच्या माथी नाही मारत?

मास्तर : नाही.

इदालिया : रस्त्यावर तसं नसतं. ट्रक उलट्या बाजूनं आला आणि गेला माझा यादिएल. नाताळाला म्हणून आला होता... पुढं सांगा.

मास्तर : तिघं बाद झाले की डाव संपतो. ह्यानं एकालाच बाद केलं. म्हणजे डावाचा तिसरा हिस्सा. त्यानं अठराला भागलं की तिप्पट होते, चोपन्न.

इदालिया : बाजारात हे ठाऊक असणार सगळ्यांना.

मास्तर : ह्या गावात कुणाला ठाऊक नसतं?

इदालिया : वा वा म्हणायचे. मासे जास्त घ्यायचे त्या दिवशी.

मास्तर : तुझ्या तोंडाकडं बघून कुणाची जीभ रेटली नाही.

इदालिया : तो आकडा खाली आणता नसता आला?

मास्तर : आला असता की. पुढचा एक डाव धाव न देता काढला असता, तर साडेतेरावर. मग आणखी खाली. नुसतं खेळत राहायचं होतं त्यानं.

इदालिया : हं.

मास्तर : सांगू का कारागिराला, नुसतं नाव म्हणून?

इदालिया : सांगा. आणि मास्तर, तो जो एक बाद झाला, तो कसा झाला?

मास्तर : तीनदा बॅट फिरवली त्यानं. एकदाही लागली नाही.

इदालिया : त्याला मैदानात बघून तेव्हा मी डोळे पुसत होते. पहिल्या चेंडूपासून सांगा.