पहिल्या बैठकीतलं गाणं

काका : सांगतो ना, पुसलंय मी ते. कॉम्प्युटरवर, या हातांनी पुसलंय. तिथे आता फक्त बायकोचं गाणं दिसतं. मग घरच्या डीव्हीडी प्लेअरवर भलतंच कसं लागतं?

दुकानदार : भलतंच म्हणजे काय लागतं?

काका : ते सोडा. दुरुस्त होईल का, तेवढं बोला. पाच वाजता चार मेहुण्या येतायत, हिचं गाणं बघायला. एकसष्टाव्या वर्षी ग्रंथालयाच्या कार्यक्रमात पहिल्यांदा स्टेजवर गायलीय ती. आज डिस्क लागली नाही, तर माझी काही धडगत नाही.

दुकानदार : चार वाजून दहा मिनिटं झालीत. डिस्क एका बैठकीत भरलीत की दोन?

काका : दोन. आधी कॅमेरा चालतो का बघायला घरी थोडं शूटिंग केलं. ते भरलं, प्लेअरवर झकास चाललं. एवढी डिस्क रिकामी उरलेली, टाकवेना. मग कार्यक्रमानंतर हिचं गाणंही तिच्यावरच भरलं.

दुकानदार : जन्मभर शाळेच्या ऑफिसात पाठकोऱ्या कागदांवर कारभार केलात. तीच सवय डिस्कला लावलीत.

काका : मग काय चांगली डिस्क वाया घालवायची?

दुकानदार : ऐका. या डिस्कवरचं पुसता येत नाही. तुम्ही पुसलंत म्हणजे नुसतं झाकलंत. कॉम्प्युटर शेवटची बैठक बघतो, म्हणून त्याला काकूंचं गाणं दिसतं. तुमचा प्लेअर जुना. तो पहिली बैठक वाचतो आणि तिथेच ठाण मांडून बसतो. पुढे आणखी काही आहे, हे त्याच्या गावीही नसतं.

काका : माझ्यापेक्षा हट्टी आहे मेला. उपाय बोला.

दुकानदार : काकूंचं गाणं कोऱ्या डिस्कवर एका बैठकीत भरतो. दहा मिनिटांचं काम. फक्त आधी खात्री करू. दुकानातला हा प्लेअरही तुमच्या घरच्यासारखाच आहे, तेवढाच जुना.

काका : नको, नको. खात्री आहे माझी. टीव्ही लावू नका.

दुकानदार : लावला पण. अरेच्चा, काका, हे तुम्ही?

काका : आवाज कमी करा.

दुकानदार : टॉवेलवर? आणि हातात लाटणं?

काका : माइक कुठून आणणार घरात? ही बाजारात गेली होती, म्हटलं आटपून घ्यावं. बंद करा हो.

दुकानदार : पण गाताय बरं.

काका : थट्टा पुरे. पंचवीस वर्षं हिला बजावतोय, गायचं तर दार लावून गा, माझं डोकं उठतं. आता हिनं हे पाहिलं, तर तोंड दाखवायला जागा उरायची नाही.

(काचेचं दार ढकलून काकू आत येतात.)

काकू : अहो, प्लेअर बिघडला म्हणालात आणि डिस्क घेऊन पळालात. तेही एका पायात तुमची चप्पल, एका पायात माझी. आणि हे कोण गातंय?

काका : जाहिरात आहे कसली तरी.

काकू : आपला टॉवेल गुंडाळून?

काका : अहो, बंद करा ना ते.

काकू : हात लावू नका. ऐकू दे मला. हे तर माझंच गाणं. दुसरं कडवंसुद्धा बिनचूक. स्टेजवर मी नेमकी तिथेच अडखळले होते. तुम्हाला कसं पाठ?

काका : दार लावलं तरी ऐकू येतं.

काकू : आणि डोकं उठायचं ते?

काका : ते गाणं संपल्यावर.

काकू : शेवटची तान मात्र चुकलीय.

काका : तू रोज तशीच घेतेस.

दुकानदार : काकू, तुमची नवी डिस्क आत्ता होईल. कुठल्याही प्लेअरवर लागेल. ही जुनी टाकून देऊ का?

काका : टाका. तुकडे करून टाका.

काकू : वापरलेलं पाकीट उलटवून पुन्हा चिकटवता तुम्ही, आणि ही टाकवते? द्या इकडे.

काका : बहिणींना दाखवणार?

काकू : छे. त्या गेल्या की लावेन.

दुकानदार : पण काकू, त्या डिस्कवरचं तुमचं गाणं घरी दिसणार नाही. फक्त काकाच दिसतील.

काकू : जेवढं दिसतं, तेवढं पुरे.