नियम सातवा

...नाही, वळू नकोस, तशीच पाठमोरी उभी राहा. हुक लावतेय, सुई टोचेल नाहीतर. आणि रडूही नकोस बाई, डोळ्यांचा रंग ओघळला की मेकअपवाल्या मलाच बोलतात — म्हणे कपडेपटात मुली रडायला येतात. मग कुठे जातील? तालमीच्या बाईंकडे? त्यांनी भिंतीवर सात नियम लावलेत, चौकट करून, काचबिच घालून. पहिला — प्रोफेशनल नर्तिका हसते. दुसरा — प्रोफेशनल नर्तिका वेळेवर येते. मुख्य नर्तिकाबाई आत्ता पडद्याला वीस मिनिटं असताना उगवल्या, आणि बाईंनी स्वतः त्यांची बॅग उचलली. त्यांना नियम लागू नाही का? नसेल. चौकट त्यांच्या उंचीला फार खाली येते बहुतेक.

पाय नीट टेक. नाही टेकवत ना? मोज्यातूनसुद्धा घोटा उशीसारखा दिसतोय. सकाळच्या तालमीत मुरगळला आणि कुणाला सांगितलं नाहीस. शहाणी आहेस. चौथा नियम — दुखणं घरी ठेवून यायचं. मागच्या वर्षी एकीने सांगितलं, बाईंनी तिचा गाल कुरवाळला, बाळ, विश्रांती घे म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी ओळीत तिच्या जागी नवी मुलगी. अजून विश्रांतीच घेतेय ती. तुझा तर बॅलेचा हा पहिलाच प्रयोग, आई तिसऱ्या रांगेत येऊन बसलीय — कशी सांगशील तू?

ओळीत कुणी पडलं तर काय करायचं, शिकवलंय ना? बघायचं नाही. दोन्ही बाजूच्यांनी अर्धं अर्धं पाऊल सरकायचं, हसत, की झाली ओळ सरळ. पंधराजणी सोळा दिसल्या पाहिजेत. फार सुंदर दिसतं ते. मी पाहिलंय — म्हणजे, खालून पाहिलंय. हो, मी. मी काय कपडेपटातच जन्मले का? डावीकडून तिसरी असायचे. घोटा असाच होता, तुझ्याहून जरा कमीच सुजलेला. पडले तेव्हासुद्धा हसत होते गं, आणि गुडघा खाली वेडावाकडा झालेला. शेजारणीचं पाऊल माझ्या बोटांपासून इतक्याशा अंतरावर पडलं, पण तिने खाली पाहिलं नाही. जिवाची मैत्रीण हं, एका डब्यात जेवायचो. तिला त्या दिवशी शाबासकी मिळाली. आता भिंतीवर नियम लावते. हो, बाईच त्या. राग? छे, राग कसला. तिच्या जागी मी असते तर मीही पाहिलं नसतं — त्याचंच वाईट वाटतं, जिना चढताना वगैरे.

घंटा झाली बघ. दहा मिनिटं राहिली. हलू नकोस. हा पोशाख तुझ्याच मापाचा, असा दुसरा नाही, माहितेय ना? आणि सातवा नियम वाचलायस? कुणी वाचत नाही, अगदी तळाला आहे. पोशाखात बिघाड झाला तर दोष कपडेपटाचा, पोशाख पुन्हा तयार होईपर्यंत नर्तिकेची जागा राखून ठेवायची. तो मी हट्टाने घालून घेतला होता. बाई म्हणाल्या, घाल, तुझ्या हातून कुठे काही उसवतंय. खरंच आहे. बावीस वर्षांत एक टाका सुटला नाही. नव्या मुलींना सांगतात त्या — हिला म्हणतात प्रोफेशनल.

श्वास रोखून धर. पाठीला कात्री गार लागेल.

हं. पार कमरेपर्यंत गेली. आता हे पुन्हा शिवायचं म्हणजे तीन आठवडे तरी — वय झालं, पूर्वीसारखा हात चालत नाही माझा. काय बघतेस? ओळीची काळजी करू नकोस, ती भरून निघते. ही शाल घे पाठीवर, आणि जा, आईजवळ बस. लंगडायचंय तर लंगड. आता रड हवं तेवढं, मेकअपवाल्यांना बोलू दे.

आणि जाताना बाईंना आत पाठव.