आठव्या मात्रेला बटण

कानाच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. मागच्या बाकावरच्या बाई भावाशी इतक्या मोठ्याने बोलत होत्या की न ऐकणं शक्यच नव्हतं.

"गेल्या वर्षी तर तुझे कान ठणठणीत निघाले होते ना रे?"

"ताई, त्या मशीनची शिटी ठरावीक वेळाने वाजायची. पहिल्या चार ऐकल्या आणि पुढे मोजत बसलो. दर आठव्या मात्रेला बटण दाबलं."

"ऐकू न येता?"

"वीस वर्षं ड्रम वाजवतोय. हात आपोआप जातो. डॉक्टर म्हणाले उत्तम, मला वाटलं असेल बुवा उत्तम."

"आज मोजायचं नाही."

"मोजलं नाही तर त्या खोलीत नुसता बसून राहीन गं."

"ड्रमचं एक वेळ ठीक आहे. पण बँडमध्ये गातोसही तूच. सूर कसा लावतोस?"

"गिटारवाल्याची बोटं बघून. तो नेहमी माझ्याकडे वळून उभा असतो."

"मग शनिवारी काय बिनसलं?"

"शनिवारी तो पाठ करून उभा राहिला. अख्खं गाणं मी भलत्याच पट्टीत गायलो."

"तो काही बोलला?"

"आज सकाळी इथला नंबर त्यानेच लावला."

"आणि लोक? टाळ्या तरी पडल्या का?"

"पडल्या ना. पहिल्या दोन रांगांतल्या मला दिसत होत्या."