शकुबाईचा अंगठा

आता पाय कोणाचा? शकुबाईचा. मंग कापायचा का नाही, हे ठरवून कोण राहिलं? दीर केशवराव, पोरगा उत्तम, दोन जावई... सारे वऱ्हांड्यात. अन् आत खाटेवर बाई, तिले म्हणून राहिले, "काही नाही, नुसती पट्टी बदलायची आहे." तुमाले सांगतो, पंच्याऐंशी सालची गोष्ट, पांढुर्ण्यात डॉक्टर भगवंतरावांचा दवाखाना, मोहगावची ही शुगरची बाई, पायाचा अंगठा काळा पडला अन् सारं घर तिच्या हाताच्या अंगठ्यामागं लागलं, ऑपरेशनच्या कागदावर उमटवायले. बाईले कोणी विचारलंच नाही.

केशवराव शाईची डबी घेऊनच आले. "सिस्टर, झोपेत आहे तवरच लावून घेऊ. कायले भेवडवता म्हातारीले?"

सिस्टर कमलनं हात आडवा धरला. "शुद्धीत आहे ते. आधी तिले सांगा."

नोकरीचं भेव नव्हतं का तिले? होतं ना, पण हात हटला नाही. डॉक्टर भडकले, जावई भडकले, अन् एवढ्या भडकाभडकीत... बाईले कोणी विचारलंच नाही. शेवटी कमलच खाटेजवळ बसली. "शकुबाई, पाय घोट्याच्या वरून कापायचा म्हणतात. नाही कापला तं जहर वर चढंन, जीव जाईन. तुमी काय म्हणता?"

बाईनं पाय पांघरुणात ओढून घेतला. "नाही कापायचा."

झालं! सारे कमलवर तुटून पडले. कमलनं काय केलं, काळं जिथवर आलं तिथं पेनानं रेघ मारली. सकाळी पाहते तं काळं रेघेच्या वर. दुसरी मारली, संध्याकाळपर्यंत काळ्यानं तेही गिळली. वास असा का बाजूच्या खाटेवरचा पेशंट उठून वऱ्हांड्यात गेला. दर रेघेले कमल बाईले दाखवे, पुन्हा विचारे, अन् विचारता विचारता तिच्याच मनात येई... मेली तं मी विचारलं म्हणून मेली, असंच म्हणतीन ना?

तिसऱ्या दिवशी शकुबाई कोपरावर उठली, स्वताच रेघ पाह्यली. "कापा म्हण डॉक्टरले. शाई आण, अंगठा मीच लावीन."

आता गुडघ्याच्या वरून कापावा लागला. बाई वाचली. पण कमलच्या मनातून गुडघा जाईना. आठव्या दिवशी पट्टी करता करता बोललीच, "मी तवा विचारलं नसतं तं गुडघा वाचला असता. राग आहे का माह्यावर?"

"आहे ना," शकुबाई म्हणे. "पण गेला तं माह्याच शब्दानं गेला. आता झोपू दे मले... का तेही डॉक्टरलेच विचारा लागते?"