बाळूचा फ्लेक्स

आमी मूळचे करमाळ्याकडचे. वडील गावच्या शाळेत शिपाई व्हते आणि माझं अक्षर चांगलं म्हणून गुरुजी शाळेच्या भिंतीवर काय लिवायचं असलं की मलाच उभं करायचे, मंग गावातल्या ट्रॉल्यांवर नावं, दुकानाच्या पाट्या, सगळं माझ्याकडं. पण अक्षरावर पोट भरत न्हाई असं घरात सगळ्यांचं ठरलेलं, म्हणून आयटीआय केलं आन् चाकणला आलो. संगट बाळू. बाळू म्हंजे शेजारच्या वाडीतला, आयटीआयला माझ्या बाकावरचा. महाळुंग्यात एक खोली घेतली दोघांनी, कंपनी एकच, लाइन बी एकच. गाड्यांना दरवाजे बसवायचं काम. मी डावा बसवायचो, त्यो उजवा, मधी गाडी, आणि गाडीतनं आरपार आमी एकमेकांची तोंडं बघायची.

चौदा वर्षं. काय सांगू तुम्हाला, चौदा वर्षं मी गाडीची एकच बाजू बघितली. सुरुवातीला मजा वाटायची, न्हाई असं न्हाई, कॅन्टीन, बस, दिवाळीचा बोनस, गावाकडं आमचा रुबाब. मंग ओव्हरटाइम, मंग माणसं कमी आन् गाड्या जास्त, आणि लीडर कायम डोक्यावर. घरी आलो की बायको, मंगल, बोलायची आणि मला तिचे नुसते ओठ हललेले दिसायचे. पोरगी चित्र दाखवायला आली तर मी तिच्यावर खेकसायचो. माझ्या पोरीवर, ज्यानं शाळेच्या भिंती रंगवल्या त्यानं. लाज वाटती सांगायला.

आन् एक दिवस काय झालं, कंपनीच्या गेटापाशी आलो, कार्ड गळ्यात, बूट पायात, आणि पायच उचलंना. दुखत न्हवतं काय. नुसता उभा. वॉचमन म्हणला, भाऊ, कुणाची वाट बघताय का. मी म्हणलं न्हाई. तसाच माघारी फिरलो आन् महिन्याभरात राजीनामा दिला.

मंगल चार दिवस बोलली न्हाई. मंग म्हणली, करा काय करायचं ते, पण तोंड पाडून घरात बसू नका. सासऱ्यानं तर मला येड्यातच काढलं, पर्मनंट नोकरी सोडून कुणी रंगरंगोटी करतं व्हय. बाळू एकटा म्हणला, जा दत्त्या, एकानं तरी सुटावं. असं म्हणला त्यो. मी हसलो तवा, मला वाटलं चेष्टा करतोय.

दुकान टाकलं. ब्रशानं पाट्या करायचं मनात व्हतं, पण लोकांना फ्लेक्स पाहिजे, म्हणून कॉम्प्युटर शिकलो. वाढदिवस, उद्घाटनं, निवड झाली, श्रद्धांजली. फोटो कसले बी घेऊन येत्यात राव, आणि सगळ्यांना कोट पाहिजे. माझ्याकडं कोट घातलेली चार अंगं हायेत, त्या चार अंगांवर मी अख्ख्या महाळुंग्याची मुंडकी बसवली. पण नावाचं अक्षर मी हातानं काढायचो, कागदावर, आन् मंग कॉम्प्युटरवर घ्यायचो, त्यात तडजोड न्हाई. लोक लांबनं बघून वळखायचे, ह्यो दत्ताचा फ्लेक्स. मला परत झोप लागाय लागली, भूक लागाय लागली. पोरगी शेजारी बसून रंग सांगायची.

पण तिकडं कंपनीत माझी डावी बाजू मोकळी झाली ना. नवीन माणूस येईस्तोवर तू सांभाळ म्हणून लीडरनं बाळूला सांगितलं, आणि आठ महिने झाले तरी नवीन माणूस काय आलाच न्हाई. रातची तिसरी शिफ्ट करायची आन् तसंच सकाळच्या पहिलीला थांबायचं. दुपारी सुटला की माझ्या दुकानात यायचा, फ्लेक्सच्या गुंडाळ्यांवर आडवा व्हायचा, म्हणायचा, दोन मिनिटं डोळा लागू दे. मी म्हणायचो, सोड की तू बी. म्हणायचा, मला कुठं अक्षर येतं.

त्या दिवशी असाच झोपला व्हता, आणि एका वाढदिवसवाल्याची माणसं आली पाच-सहा. दुकान केवढं, तुमी बघताय. बाळूचे पाय मधी येत व्हते. मी त्याला हलवलं, म्हणलं, बाळ्या, ऊठ, घरी जाऊन झोप. त्यो उठला, हेल्मेट घातलं, गेला. लग्नानंतर देहूकडं घर केलेलं त्यानं. रस्त्याकडंला कंटेनर उभा व्हता, गाडीवरच डोळा लागला त्याचा. जागेवरच गेला.

दुसऱ्या दिवशी सुनंदा वयनी, त्याची बायको, तिच्या भावाला घेऊन दुकानात आली. फ्लेक्स करायचा म्हणली. फोटो काय न्हवता हो. कंपनीत मोबाइल गेटावर जमा, आणि घरी त्यो जागा असा सापडायचाच न्हाई. लग्नातला लई जुना, त्यात लोक वळखायचे न्हाईत म्हणली. मंग कंपनीच्या कार्डावरचा घेतला, कार्ड गेल्याच महिन्यात नवीन काढलेलं. मी मोठा केला स्क्रीनवर. वयनी बघत बसली, आणि हळूच म्हणली, भावजी, जरा झोप झाल्यासारखे करा ना.

तिला काय ठावं मी काय केलं व्हतं ते.

डोळ्याखालचं काळं काढायचं म्हंजे दोन मिनिटांचं काम, रोज करतो मी. त्या दिवशी मला अख्खी दुपार लागली. एकेक काढत गेलो, डोळ्याची लाली, खाली आलेली पापणी, तोंडाकडंची रेघ. त्यातलं आठ महिन्यांचं काळं माझ्या जागेवर उभं राहून आलेलं. कोट न्हाई घातला त्याला. नाव हातानं काढलं, बाळासाहेब, चारदा कागद फाडला.

फ्लेक्स त्याच्या गल्लीच्या तोंडाशी लावला. त्याची आई गावावरनं आली, गाडीतनं उतरली ती तिथंच थांबली. लोक म्हणले, चला आई, चला आत. ती हलंना. बघत ऱ्हायली लई वेळ. मला म्हणली, दत्ता, असाच धाडला व्हता रे मी त्याला.

 मी तिच्या पायाशी बसलो तर तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणली, तू सुटलास ते बरं केलंस लेकरा, सुखी ऱ्हा. आता प्रत्येक गुढीपाडव्याला फोन करती, धंदा बरा हाय का इचारती. मी म्हणतो, बरा हाय. खरंच बरा हाय, खोटं कशाला बोलू.

पण त्या दिवशी त्याला मीच उठवलं, हे मी अजून कुणाला सांगितलेलं न्हाई, मंगलला बी न्हाई. चार वेळा वयनीच्या दारापर्यंत जाऊन माघारी आलो. तुमी इचारलंत म्हणून बोललो. लिवा तुमी, काय गाळू नका. म्हातारीला वाचता येत न्हाई. वयनीला येतं. वाचू दे तिला.