गुडघ्यानं धरायचा गेर

…न्हाई, पाऊस न्हाई पडायचा पाव्हनं, तुमी बसा निवांत. हे नुसतं मळभ हाय. कालपासनं असंच — आभाळ खाली आलेलं, ऊन न्हाई, वारं न्हाई, थंडी म्हनावी तर ती बी धड न्हाई. पुसातलं असं मळभ लई वंगाळ, ज्वारीवर चिकटा पडतो त्यानं, समदं पारनेर आज आभाळाकडं बघून बोटं मोडतंय. मला काय त्याचं? माझी ना ज्वारी, ना बांध. पन लोखंड गार पडतं बघा असल्या दिसात. पाना हातात धरला तर बोट कुठलं नि पाना कुठला, कळत न्हाई. — त्या पोत्यावर बसा, कोरडं हाय ते, तेलाचं ते पलीकडलं. मी जरा शेजारी कडूबाईकडं भाकरी आनाया गेल्तो. रोज तीच करून देती, आमच्या घरात आमी बापलेक दोघंच, चूल कोन पेटवनार. तर ती आज कुंपनापाशी काय काय बोलत ऱ्हायली, आनि आलो तर जीप जाग्यावर न्हाई! म्हनलं, चोरानं न्यावी तर चोर खाली पाय घालून क्लच हुडकीत बसंल आनि हितंच सापडंल. म्हनून मागं पळालो न्हाई. बसलो. म्हनलं कोनी नेली असंल तो आनील. आनलीत तुमी. बरं झालं.

थांबा — काय सांगनार ते मला ठावं हाय. दुसरा गेर. सुप्याच्या रस्त्याला उतार लागला, तुमी एकशिलेटरवरचा पाय सोडला, आनि खाटकन दांडा मधी आला, गाडी मोकळी धावली — व्हय ना? बोलू नका, दम घ्या आधी. तुमचा दोष न्हाई त्यात. अहो, ही जीप डिस्पोजलची. नगरला मिल्ट्रीचा लिलाव झाला तवा एकानं घेतली, त्याच्याकडनं मी घेतली. इंजन बरं हुतं, पन गेरबॉक्सच न्हवता, त्या जागी नुसतं भगदाड. मग एका मोडीतल्या मोटारीचा चार गेरचा बॉक्स आनला, लेथवाल्याकडनं मधी बसवायची लोखंडी पलेट करून घेतली, आनि तो बॉक्स हिच्या इंजनामागं जोडला. म्हंजी धड एकाचं, मुंडकं दुसऱ्याचं. हसताय? गनपतीचं जमलंच की! जमतं. फक्त आतले गेर खाल्लेले हुते, आनि असली मिळंनात, म्हनून पुन्याहून बाजारी आनले. काय चकचकीत हो — असलीला लाजवतील. पन सोयरीक दिसन्यावर न्हाई होत. पहिला बरा, तिसरा बरा, चौथा तर लोनी, आनि दुसरा? दुसरा नव्या नवरीवानी, जरा कुठं उतार लागला का म्हायेरी.

आता तुमी म्हनाल, निसटतो तर निसटतो. मीबी दुसऱ्या कुनाला तेच म्हनलो असतो. आपल्याकडं कुनाच्या जुन्या गाडीचा दुसरा गेर जाग्यावर ऱ्हातो? डायवर काय करतो — उतार आला का डावा गुडघा दांड्याला टेकवतो, उतार सरला का काढतो. बिडी वढतो, गानं म्हनतो, गुडघा आपला तिथंच. त्याला कोन बिघाड म्हनत न्हाई. मी उभा जन्म गाड्या खोलन्यात घालवला पाव्हनं, गुडघा म्हंजी गाडीचाच एक पार्ट हाय.

पन हिला तो पार्ट न्हाई ना.

तुमी येताना लिंबाखाली बाजंवर पोरगा बघितला असंल — तो आमचा कानिफ. कानिफनाथ. डावा पाय मांडीतनं गेलाय. गावातल्या आबासाहेबांचा ट्रक हानायचा तो, पगारावर. चांगला हानायचा. ट्रकचा हँडब्रेक धरत न्हवता म्हनून गेरात उभा करायचा, समदेच करत्यात. थंडीचे दिवस, बटनावर गाडी लागंना, ह्यानं पुढं जाऊन हँडल मारलं. इंजन लागलं. गाडी गेरातच, ती आली पुढं. मागं कुडाची भिंत असती तर पडली असती. दगडाची हुती. झालं. कुनाचं चुकलं म्हनाल तर कुनाचंच न्हाई. भिंत चांगली बांधलेली हुती.

चहा सांगू का? न्हाई? बरं.

तर क्लचचा पाय न्हाई म्हनून मी क्लच हातावर घेतला. तो उजव्या अंगाला लोखंडी दांडा बघितला न्हवं, दरवाज्यापाशी, वर सायकलीची मूठ बसवलेली — तो वढला का क्लच दबतो. उजव्या हातानं तो वढायचा, डाव्यानं गेर टाकायचा, तेवढ्यापुरतं चाक पोटानं धरायचं. सरळ रस्त्याला जमतं. ब्रेकला नि एकशिलेटरला उजवा पाय हायच त्याचा, देवाच्या दयेनं त्याला काय झालं न्हाई. समदं जमलं हो. पन उतारावर गेर निसटला तर? धराया गुडघा कुठनं आननार? डाव्या हातानं दांडा धरून बसला, तर उजव्यात चाक, मग क्लच कोन वढील? तिसरा हात काय मी देऊ? दिला असता. माझे असेबी आता पाना धरून धरून बधिरच झाल्यात.

म्हनून हा गेर मला असा करायचा हुता का गुडघ्याबिगर बसंल. तेवढंच काम. येक दुसरा गेर.

आधी म्हनलं, गोळी नि स्प्रिंग असंल. दांडा ज्या खोबनीत बसतो तिथं पोलादाची गोळी असती, मागनं स्प्रिंग दाबती. स्प्रिंग बदलली, कडक घातली. दांडा हलवाया दोन मानसं लागाया लागली — आनि उतारावर तरी निसटलाच! मग म्हनलं, आतला काटा वाकलाय, गेर पुरता आत जात न्हाई. काटा काढला, भट्टीत लाल केला, सरळ केला. तेच. मग म्हनलं, चला, आता दातच बघू. दात काय बोलत न्हाई, दाताला बोलतं करावं लागतं. शेंदूर घेतला — व्हय, मारुतीला लावतो तोच — तेलात कालवला, एका गेरच्या दाताला पातळ लावला, गेर जुळवून हातानं फिरवला, आनि दुसऱ्याच्या दातावर कुठं उमटतो ते बघितलं. तर काय! नुसता कडंला. दाताच्या कडंला केसावानी लाल रेघ, बाकी दात कोरा. म्हंजी हे दोघं जोडीनं फिरत हुते पन एकमेकाला टेकतच न्हवते. एका घरात ऱ्हायचं आनि उंबऱ्यावरच बोलायचं, तसं.

एक जन म्हनला, इमरीचा मलम घाल बॉक्सात नि चालव, घासून घासून जुळतील. म्हनलं न्हाई बाबा. बाजारी गेरची वरची साल तेवढी टनक असती, आत मऊ. साल घासली का जुळलं असं वाटतं, आनि मग एक दिवस दात तुटून तळाला पडत्यात. घासून जुळवायचं न्हाई. का जुळत न्हाई ते हुडकायचं. मग बघितलं तर गेर शाफ्टावर मागंपुढं सरकतोय, जरासा. जुन्या पंपाच्या पितळी बुशाचं वायसर कापलं, घासून घासून कागदावानी केलं, घातलं. रेघ जराशी रुंद झाली. परत घातलं. परत रुंद. पन अर्ध्या दातावर येऊन थांबली ती थांबलीच. मग ध्येनात आलं — गेर न्हाई, पलेट. ती मधली पलेट, तिचं भोक जरासं तिरकं. समदा बॉक्सच इंजनामागं मान वाकडी करून बसलेला. शाफ्ट सरळ न्हाई तर दात सरळ कसे टेकतील? आनि आमी आपलं दाताला बोल लावतोय.

भाकरी ती? असू द्या तिथंच, बॉनेटवर. मी हितंच खातो. घरात गेलं का हात धुवा, पाट घ्या, लई वेळ जातो. कानिफची त्याची त्याला देतो नेऊन, तो बाजंवर खातो, मी हितं. आधी इचारायचा, दादा, आज काय निघालं? मी सांगायचो, काटा निघाला, वायसर निघालं. त्यालाबी कळतं सगळं, डायवर मानूस. एकदा म्हनला, दादा, ऱ्हाऊ द्या आता. मी म्हनलं, एवढी पलेट सरळ झाली का झालं. मग इचारायचा बंद झाला. — बसला न्हाई अजून गाडीत. एकदाबी न्हाई. कसा बसंल? गेर निसटतोय तवर मीच म्हनत न्हाई, ये बस. उतारावर काय झालं म्हंजी? मीच म्हनत न्हाई…

काय म्हनता?

न्हाई निसटला?

सुप्याच्याच उताराला गेल्ता ना? पार खालपतूर? पाय सोडला हुता पुरा? आनि गुडघा? तुमी पाव्हनं सवयीनं गुडघा टेकवला असंल, कळलंबी नसंल तुमाला, डायवरला कळत न्हाई. — न्हाई? मुद्दाम लांब ठेवला? कोन म्हनलं तुमाला तसं करा?

बरं.

निसटत न्हाई तो. ठावं हाय मला. दिवाळीपासनं निसटत न्हाई. पलेटीखाली पत्र्याची पातळ चकती घातली, बॉक्स सरळ झाला, शेंदूर लावला तर अक्षी भरल्या दातावर उमटला, मळवट भरल्यागत. मी स्वताच नेली उतारावर. डावा पाय उजव्या मांडीवरनं दरवाज्यातनं बाहेर काढून बसलो, पार बाहेर, म्हनलं चुकून गुडघा नको लागाया. वारं लागत हुतं पायाला. वर गेलो, परत खाली आलो. निसटला न्हाई. मग हितं आनली, उभी केली, आनि बॉक्स खोलला. का म्हंजी? बघाया. शेंदूर लावला, चांगला उमटला, पुसला. बंद केला. चार दिसांनी परत खोलला. वायसर चांगलं हुतं, तरी नवं कापलं. आता तुमी इचाराल, अरं पन कशापायी? आता गेर जमला म्हनलं का त्याच्यापाशी जाऊन म्हनावं लागतं — कानिफ, ऊठ, ये, बस. आनि तो न्हाई म्हनला तर? त्याच्यानंतर काय करायचं ते मला येत न्हाई. गेर निसटत असला का कसं बरं असतं, काय करायचं ते ठावं असतं… जाऊ द्या. थंडीनं मानूस बडबडतो. तुमी कुठले म्हनलात? खर्ड्याचे. गाडी इकत घ्याया एवढ्या लांबनं आलात.

पन एक सांगा पाव्हनं, गाडी बघाया या म्हनून तुमाला कोन म्हनलं? मी तर कुठं बोललो न्हाई इकायची म्हनून. आनि नेलीत ती बी — हाताच्या क्लचची गाडी, कुनी दावल्याबिगर हलत न्हाई जाग्यावरनं.

कानिफनं?

त्यानं दावली? उठून आला हुता हितवर? कुबड्यावर? आनि गुडघा लांब ठेव म्हनला, तो तोच. म्हंजी त्याला ठावं हाय. दिवाळीपासनं ठावं असंल. बाजंवरनं उताराचा रस्ता दिसतो. मी पाय बाहेर काढून आलो-गेलो ते बघितलं असंल त्यानं.

आनि काय म्हनला? सांगा, त्याचंच बोलनं सांगा, तुमचं घालू नका त्यात. — "ही घेऊन जावा. ही हितनं गेली का दादा जेवाया घरात येतील." — असं म्हनला? हसून म्हनला का कसा? तसाच. बरं. तसाच म्हनतो तो.

न्हाई, तुमी उठा आता. ऊन न्हाई म्हनून कळत न्हाई, पन दिवस कलला असंल, खर्ड्याची गाडी चुकंल तुमची. इकायची का? मला न्हाई सांगता यायाचं. ती कुनाची हाय तेच मला आता न्हाई सांगता यायाचं. पुढल्या बाजाराला या, न्हाईतर नका येऊ. तो पाना ऱ्हाऊ द्या तिथंच, मी उचलतो. ते भाकरीचं फडकं तेवढं द्या हिकडं. दोघांची हाय ह्याच्यात. मघाशी ही देताना कडूबाई कुंपनापाशी म्हनली, आनि मी ऐकलंच न्हाई असं करून निघालो. ती म्हनली, "भाऊ, गाडी करताय ती करा. पन पोराला कुठं जायाचंय, ते कधी इचारलं का?"