पौर्णिमेला शाळा अर्धीच

(बिबवेवाडीतला एक फ्लॅट. निवृत्त शिक्षिका शैला, कॉटवर बसलेले त्यांचे नव्वदीचे वडील रामदास, आणि गावाहून आलेले उत्तरेश्वर पाटील, करंजवाडी हायस्कूलच्या सुवर्णमहोत्सव समितीचे अध्यक्ष.)

उत्तरेश्वर : बाकी सगळं झ्याक लिवलंय मॅडम. ही एक ओळ तेवढी काढा.

शैला : कुठली?

उत्तरेश्वर : ही. ‘शाळेचा पहिला वर्ग गावातल्या बुद्धविहारात भरला.’

शैला : अहो पाटील, स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास तुम्हीच लिहायला सांगितलात. ही त्यातली पहिलीच ओळ आहे.

उत्तरेश्वर : मग दुसरीपासनं सुरू करा की.

शैला : आणि वर काय घालू?

उत्तरेश्वर : ‘मारुतीच्या देवळात भरला.’ नव्या कमानीवर तसंच कोरलंय. दगडात.

शैला : कोरण्याआधी विचारायची पद्धत असते.

उत्तरेश्वर : इचारलं की. समितीला.

शैला : समितीत कोण कोण आहे?

उत्तरेश्वर : मी हाय. धाकटा भाऊ हाय. सरपंच हाय, म्हंजे आमची सूनबाई.

शैला : एकमत झालं असेल.

उत्तरेश्वर : लगीच.

शैला : देवळात भरली होती शाळा, नाही म्हणत नाही मी. तेही लिहिलंय. आठवडाभर भरली. तुम्ही आत, आणि आम्ही बौद्धवाड्यातली मुलं बाहेर पायरीवर. फळ्यावर काय लिहिलंय ते आम्हाला घरी जाताना तुम्हाला विचारावं लागायचं. तुम्हीही चुकीचं सांगायचात.

उत्तरेश्वर : मला तरी कुठं येत होतं?

शैला : मग एक दिवस माधव गुरुजींनी फळा खांद्यावर घेतला आणि विचारलं, सगळ्या मुलांना आत बसता येईल अशी जागा या गावात आहे का? तेव्हा बाबांनी विहाराचं दार उघडून दिलं.

उत्तरेश्वर : ते लई जुनं झालं.

शैला : इतिहास जुनाच असतो, पाटील. ताजा मिळत नाही.

उत्तरेश्वर : आता गावात तसलं काय ऱ्हायलं न्हाई.

शैला : मग छापायला काय हरकत आहे?

उत्तरेश्वर : तुमच्याशी बोलायचं म्हंजे कठीण हाय.

रामदास : काय म्हणतोय गं?

शैला : ओळ काढा म्हणतायत, बाबा.

रामदास : चहा दिलास का त्याला?

शैला : दिला.

रामदास : मग बोलू दे.

शैला : बरं, हे बघा. हे तुमचं मनोगत. ‘पौर्णिमेची अर्धी सुट्टी ही आपल्या शाळेची आगळी परंपरा. माझ्या वडिलांनी ती सत्यनारायणासाठी सुरू केली.’

उत्तरेश्वर : व्हय. आख्ख्या तालुक्यात कुठं न्हाई.

शैला : शाळेत सत्यनारायण कधी झाला?

उत्तरेश्वर : झाला न्हाई.

शैला : एकदाही?

उत्तरेश्वर : ऱ्हाऊन गेला.

शैला : पौर्णिमेला संध्याकाळी विहारात वंदना असायची. बायका दुपारी सारवायला यायच्या, म्हणून गुरुजी आपल्याला लवकर सोडायचे. पुढे इमारत झाली, विहार सुटला, सुट्टी तेवढी राहिली. कशाची ते कुणी विचारलं नाही. मी ती ओळ काढते, तुम्ही ही सुट्टी काढा. फिटंफाट.

उत्तरेश्वर : सुट्टी काढून कसं चालंल? पोरं कमान पाडतील.

शैला : पाटील, स्पष्टच बोलते. बाबांना तुमची शाल नको, श्रीफळ नको. त्यांना ती ओळ छापलेली वाचायचीय. रोज सकाळी उठले की विचारतात, आलं का पुस्तक? ते गेल्यावर छापलीत, तर ती माझ्या काय कामाची? जीव तुटतो हो माझा.

उत्तरेश्वर : मला कळत न्हाई व्हय? पण कमानीवर वडलांचं नाव हाय. आणि मी बी त्याच वर्गात होतो. मला देवळातलंच आठवतंय.

शैला : ठीक. मग तुमची आठवण सांगा. तुमच्याच शब्दांत घालते.

उत्तरेश्वर : घाला. लिवा. आठवीचा वर्ग. मारुतीचं देऊळ. मी आपला कडंला, खिडकीपाशी बसायचो. भायेर चिंच होती. गुरुजी गणित घालायचे नि मी राघू बघायचो. एकदा गुरुजींनी अशी कानफटात दिली, की चार राघू उडालं.

शैला : लिहिलं. ‘खिडकीपाशी.’

उत्तरेश्वर : व्हय. वारा झ्याक यायचा.

शैला : देवळाला खिडकी कुठे आहे? तिन्ही बाजूंनी दगडी भिंत आहे. अजूनही. दिवाळीत जाऊन आले मी.

उत्तरेश्वर : अजून घोटभर चहा हाय का?

रामदास : काय झालं गं?

शैला : खिडकीचं चाललंय, बाबा. खिडकीचं!

रामदास : विहाराच्या? ती आधी नव्हतीच. चार भिंती नि वर पत्रा. वंदनेला मेणबत्ती पुरायची. पण पोरांना फळा दिसंना. गुरुजी म्हणाले, रामदास, डोळे जातील पोरांचे. मग फोडली भिंत. आमचीच माणसं अंगावर आली, नवा विहार फोडतोस म्हणून. म्हटलं, पोरं शिकू द्या, भिंत काय, परत बांधू.

उत्तरेश्वर : भर वर्गात फोडली होती, नाना.

रामदास : तुझ्याच डोक्यावर माती पडली. रडलास तू. टोपी मळली म्हणून.

उत्तरेश्वर : नवीकोरी होती.

रामदास : मी धुऊन दिली.

उत्तरेश्वर : आठवतंय.

रामदास : घरी गेल्यावर तुझ्या आईनं परत धुतली.

उत्तरेश्वर : ते बी आठवतंय.

शैला : पाटील, चहा घेताय ना?

उत्तरेश्वर : मॅडम, पहिली ओळ ऱ्हाऊ द्या.

शैला : राहू देते.

उत्तरेश्वर : आन् खिडकी कुणी पाडली, ते बी लिवा. नावासकट.

शैला : लिहिते. पण मग त्या कमानीचं काय?

उत्तरेश्वर : पौर्णिमेला पाथरवट बोलावतो. दुपारनं शाळा मोकळीच असती.